खोल बाजूचा जाणकार

२ मार्च, सकाळी

आजपासून रोज लिहायचे. डॉक्टर म्हणतात, काळजीने पोटात आग होते. पोटात आग झाली की मला काळजी वाटते. लिहिल्याने मन मोकळे होते असे एका मासिकात आले होते. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. तेव्हा खरे तेच लिहायचे.

वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चर्चा. विषय: हेज फंडांवर, म्हणजे श्रीमंतांचे पैसे बाजारात फिरवणाऱ्या कंपन्यांवर, सरकारचे नियंत्रण असावे की नसावे. सरकार नवा कायदा आणते आहे, त्यावरून. ‘असावे’च्या बाजूने मास्तर बोलणार. (शाळेतून निवृत्त झाले, पण सवय गेली नाही.) ‘नसावे’च्या खाली जागा रिकामी होती. मी माझे नाव टाकले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, काका, तुम्हाला यातले माहीत आहे का? मी म्हणालो, मी त्यात आहे.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

२ मार्च, दुपारी

खरे लिहायचे ठरले आहे म्हणून लिहितो. मी त्यात एकटा नाही.

जावईबापू हेज फंडाच्या ऑफिसात आहेत. सगळे काचेचे आहे म्हणे. गेल्या वर्षी ते म्हणाले, स्टाफच्या घरच्यांना फंडात थोडी जागा देतात, पण किमान रक्कम मोठी असते, ते काम श्रीमंतांचेच. माझ्याकडे त्याच्या निम्मेही नव्हते. मग आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, तिची शिल्लक दिली. कंडक्टरने, हा माझा बाकावरचा मित्र, त्याची ग्रॅच्युइटी दिली. तिघांचे मिळून एक श्रीमंत माणूस तयार झाला. तो मी.

सही माझी एकट्याची. कागदावर छापले होते की मी जाणकार गुंतवणूकदार आहे आणि यातले धोके मला समजतात. सातवीच्या प्रगतिपुस्तकानंतर माझ्याविषयी इतके चांगले कोणी लिहिले नव्हते. प्रगतिपुस्तकातही नव्हते. मी लगेच सही केली.

जावईबापूंनी विचारले होते, बाबा, पैसे सगळे तुमचेच ना? मी हो म्हणालो. तिघांचे आहेत म्हटले असते तर त्यांना फॉर्म बदलावा लागला असता. जावयाला त्रास देऊ नये.

३ मार्च

भाषणाची तयारी. पहिला मुद्दा तयार: जाणत्या माणसाला पहारेकरी कशाला? हेज फंडात श्रीमंत, समजदार लोक पैसे घालतात. बुडाले तर त्यांचे बुडतात. सरकारने मध्ये का पडावे?

मी या विषयावर अधिकाराने बोलू शकतो. पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर मी शिट्टीवाला होतो. खोल बाजूला उंच खुर्ची. कोणी पळाले, शिट्टी. कोणी उलटा सूर मारला, शिट्टी. निवृत्त होईपर्यंत तेच काम. मला स्वतःला पोहता येत नाही हे तिथे कोणाला कळले नाही. तसे विचारण्याचा नियमच नव्हता. नियमाशिवाय उत्तम चालले. हा मुद्दाही घ्यावा का?

हिला विचारले. ही भाजी चिरता चिरता थांबली, माझ्याकडे बघितले आणि पुन्हा चिरायला लागली. नको असे दिसते.

५ मार्च

आक्का आली होती. समाजमंदिरात शिवणवर्ग सुरू होतोय, शिकवायला तिला बोलावले आहे. एक एप्रिलपासून. पगार थोडा आहे पण आहे. आक्काने जन्मभर युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीन चालवली. यजमान गेले, मूलबाळ नाही, घरी बसून भिंती बघते. आज मात्र चेहरा उजळला होता.

अडचण एकच, कानाची. डावा कान पूर्ण गेला आहे, उजव्याने थोडे ऐकू येते. ती म्हणाली, मुली मान खाली घालून मशीनवर बसणार, तशाच विचारणार, मला कळायचे कसे? कानाचे यंत्र घ्यायचे आहे. चांगले यंत्र महाग असते. तेव्हा माझा वाटा काढून दे, घाई नाही, या महिन्यात दे.

मी म्हणालो, त्यात काय, एक फोन करायचा.

६ मार्च

फोन केला. जावयाला एकदम हिशेब विचारता येत नाही. म्हणून आधी तब्येत विचारली. मग लेकीची तब्येत विचारली. मग गाडीची. मग सहज म्हणालो, थोडे पैसे काढावे म्हणतो. जावईबापू म्हणाले, बाबा, सध्या गेट लावलंय.

मला वाटले ऑफिसचे गेट. तसे नाही. फंडाचेच गेट. सगळ्यांनी एकदम पैसे मागितले तर फंडाला मिळेल त्या भावाने माल विकावा लागतो, म्हणून मालकांनी पैसे काढणेच बंद केले आहे. तात्पुरते. मी विचारले, असे करता येते? ते म्हणाले, तुम्ही सही केलेल्या कागदात आहे, पान सतरा. मी म्हणालो, हो हो, वाचले होते.

पान चारच्या पुढे मी गेलो नव्हतो. चारवर जाणकार हा शब्द होता.

शांतपणे विचार केला. हेज म्हणजे कुंपण, हे जावईबापूंनीच सांगितले होते. कुंपण म्हटल्यावर गेट आलेच. गेट बंद म्हणजे माल आत सुरक्षित. ही चांगली खूण आहे. गेट कधी उघडायचे ते मालक ठरवणार, त्यांना विचारणारा कोणी नाही. म्हणजे निर्णय झटपट होणार. नियंत्रण नसल्याचा हाच फायदा. मुद्दा दुसरा.

संध्याकाळी आक्काकडे केळी नेली.

९ मार्च

आक्काला उद्या सांगायचे. नक्की.

कंडक्टरला भाषण ऐकवले. बाकावर बसून. तो मला शेठ म्हणतो, फंडात गेल्यापासून. तिसरा मुद्दा सांगितला: फंडांचा धंदा गुप्त असतो. काय घेतले, काय विकले हे सरकारदफ्तरी उघड केले तर सगळे जग तेच करणार, मग नफा कसला? कंडक्टर म्हणाला, अगदी बरोबर, शेठ. मग स्वतःच म्हणाला, आमच्या बसला चेकर चढायचा तेव्हा गंमत व्हायची, वर्षातून चारदा चढायचा पण त्याच्या धाकाने बाकीचे दिवस पब्लिक सरळ तिकीट काढायचे. मी विचारले, तू कोणाच्या बाजूने आहेस? तो म्हणाला, तुझ्याच, मी नुसती आठवण सांगितली.

कंडक्टरला यापुढे भाषण ऐकवायचे नाही.

पैसे कसे आहेत, असे त्याने उठता उठता विचारले. मी म्हणालो, कुंपणात आहेत. तो समाधानाने गेला. चहाचे पैसे मी दिले. गेले चार दिवस मीच देतो आहे.

१२ मार्च

आक्काने विचारले, फोन झाला का? मी म्हणालो, लाइन लागत नाही. हे एका अर्थी खरे आहे. पैशांची लाइन लागत नाही.

तिने यंत्राच्या दुकानात जाऊन कान तपासून घेतला. दुकानदाराने यंत्र पाच मिनिटे लावून दिले म्हणे. म्हणाली, बाहेर रस्त्यावर कावळा ओरडला तो ऐकू आला, केवढा कर्कश आहे रे, मी विसरलेच होते. आणि हसली.

सफरचंदे नेली. पोटात आग. ही म्हणते, फळांनी नाही जायची ती, आक्कांना सांगा.

१३ मार्च

सांगितले नाही. कारण: आक्काकडे शेजारीण बसली होती. घरची गोष्ट चारचौघांत काढायची नसते.

शेजारीण लवकर गेली. पण तोवर मी निघालो होतो.

१६ मार्च

वाचनालयात मास्तर भेटले. तयारी कशी चालली आहे, जाणकार? असे विचारले. त्यांना कसे कळले? कंडक्टर. मास्तरांना आम्ही गेल्या वर्षी विचारले होते, चौथे व्हा म्हणून. ते म्हणाले होते, ज्या दुकानाचा मालक स्वतःच्या मालाची किंमत स्वतःच ठरवतो आणि स्वतःच सांगतो की किंमत वाढली, तिथे मी जात नाही. मुलाने स्वतःचा पेपर स्वतः तपासल्यासारखे आहे ते.

तेव्हा मला हा मत्सर वाटला होता. आजही वाटतो. थोडा कमी.

चौथा मुद्दा: नियम आले की कारकून आले, कारकून आले की खर्च आला, तो खर्च शेवटी पैसे घालणाऱ्याच्या खिशातून जातो. छोटे फंड मरतात, मोठे जगतात. आणि जास्त छळले तर फंड दुसऱ्या देशात जातात. हा मुद्दा वर्तमानपत्रातून घेतला, चांगला आहे. फक्त शेवटचे वाक्य लिहिताना हात अडखळला. आमचा फंड दुसऱ्या देशात गेला तर गेटही घेऊन जाणार.

द्राक्षे. अर्धा किलो म्हणणार होतो, तोंडातून एक किलो गेले.

१७ मार्च

नको तो मुद्दा सुचला. आंघोळ करताना.

हे फंड स्वतःच्या पैशावर खेळत नाहीत, बँकांकडून कितीतरी पट उचलतात. फंड बुडाला की बँकेला ओढतो. बँकेत कोण? सगळेच. पेन्शनवाले, दुकानदार, ज्यांनी हेज हा शब्द ऐकलेला नाही तेही. तलावावर मी हेच बघितले आहे. बुडणारा माणूस शेजारच्याला धरतो. एकटा बुडत नाही.

हा मुद्दा मास्तरांना सुचू नये अशी इच्छा. या वहीत लिहिला तेवढा पुरे.

१९ मार्च, दुपारी

आक्काला सगळे सांगितले.

आक्का मशीनवर बसली होती, वर्गासाठी नमुन्याचे कपडे शिवत होती. मी तिच्या बाजूला स्टूल ओढले आणि मन घट्ट करून सुरू केले. गेट बंद झाले ते सांगितले. पान सतरा सांगितले. जावईबापूंना पैसे माझेच आहेत म्हणून सांगितले, तेही सांगितले. म्हणालो, आक्का, तू मला अंगाखांद्यावर खेळवलेस आणि मी तुझे पैसे न वाचलेल्या कागदावर लावले, मला माफ कर. आवाज जरा खाली ठेवला होता, भिंतींना कान असतात. आक्काने शिवण थांबवले नाही पण माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. प्रेमाने. शेवटी मान हलवली.

एका शब्दाने रागावली नाही. थोर बाई आहे. मन पिसासारखे हलके झाले. रात्री दोन पोळ्या जास्त खाणार.

१९ मार्च, संध्याकाळी

हिला सांगितले. ही म्हणाली, कोणत्या बाजूला बसला होतात?

डाव्या.

हिने ताट मांडले. पोळ्या नेहमीइतक्याच वाढल्या.

२० मार्च

डाव्या बाजूला स्टूल होते म्हणून मी तिथे बसलो. स्टूल मी ओढले हे खरे, पण कुठेतरी ओढावेच लागते. सांगण्याचे कर्तव्य मी पार पाडले आहे. ऐकणे हा समोरच्याचा भाग. फंडसुद्धा असेच करतो, सतराव्या पानावर सगळे सांगतो.

हे वाक्य लिहून झाल्यावर पुन्हा वाचले. बरे वाटले नाही.

२३ मार्च

जावईबापूंना पुन्हा फोन. या वेळी गाडीची तब्येत विचारली नाही. ते म्हणाले, बाबा, खरे सांगू का, मला आतले काही कळत नाही. गेट लागायच्या आदल्या आठवड्यात मालकांच्या मित्रांनी पैसे काढून घेतले असे जिन्यात बोलतात. मी म्हणालो, अहो पण तुम्ही तिथे मोठ्या जागेवर आहात. ते म्हणाले, मी कॉम्प्युटर बसवतो, बाबा. बिघडले की दुरुस्त करतो. लेकीने सांगितले नाही का?

लेकीने सांगितले होते. कॉम्प्युटरवर असतात, असे म्हणाली होती. मला वाटले, तिथूनच फंड चालवतात.

त्यांचाही आवाज बारीक झाला होता. त्यांचा बोनसही आतच आहे. मला त्यांची दया आली, त्यांना माझी.

अननस नेला. आक्का म्हणाली, अरे, हा कापायचा कसा?

२५ मार्च

नवा निश्चय. चर्चेत बोलायचे, जिंकायचे, आणि जिंकल्याच्या आनंदात असतानाच आक्काला उजव्या बाजूने सांगायचे. जिंकलेल्या माणसावर कोणी रागावत नाही. आक्का चर्चेला येणारच आहे. पहिल्या रांगेत बसते म्हणते, भावाचे भाषण आहे. ऐकू येणार नाही, पण टाळ्या वाजवायला बसते.

पाचवा मुद्दा तयार केला. फार जोरदार आहे. उद्या आरशासमोर म्हणणार.

२८ मार्च, दुपारी

निघतो. इस्त्रीचा शर्ट. कागद खिशात. शिट्टीही खिशात, सवय म्हणून.

२९ मार्च

काय झाले ते लिहितो. लिहायचे ठरले आहे म्हणून.

मास्तर आधी बोलले. लुच्चेगिरी, गुप्तता, वगैरे. बरे बोलले पण लांबले. मग मी. सुरुवात उत्तम झाली. पाचवा मुद्दा आधी टाकला: सरकारचा शिक्का बघितला की माणूस डोळे मिटून उडी मारतो. शिक्का नसेल तर आधी पाय घालून पाणी बघतो. म्हणजे नियंत्रणानेच लोक बेसावध होतात. मागून कोणीतरी वा म्हणाले. (आवाज कंडक्टरचा होता.) ग्रंथपालबाई लिहून घेत होत्या. मला चेव चढला. म्हणालो, खोल बाजूला कोण उतरतो? ज्याला पोहता येते तो. सही करून उतरतो. अशा जाणत्या माणसामागे शिट्टी घेऊन लागणे हा त्याचा अपमान आहे.

मास्तर उठले. म्हणाले, तुम्ही जन्मभर खोल बाजूला बसलात, मी फक्त एक विचारतो. बुडणारा माणूस काय करतो?

माझ्या कामाविषयी मला कधी कोणी काही विचारले नव्हते. घरच्यांनीही नाही. मी नीट समजावून सांगितले. आधी हात मारतो, मग ओरडायला तोंड उघडतो आणि पाणी पितो, मग शेजारच्याला धरतो. गळ्यालाच धरतो. शेजारचा पट्टीचा पोहणारा असला तरी दोघे खाली जातात. म्हणून तर खोल बाजूला माणूस बसवतात, असेही मी म्हणालो.

मास्तर म्हणाले, आभारी आहे. आणि बसले. लोक हसले. का हसले ते मला घरी येऊन कळले.

तरी तेवढ्यावर निभावले असते. पण कंडक्टरला मित्राची बाजू पडलेली बघवली नाही. तो उठून म्हणाला, हसू नका, हे शेठ स्वतः जाणकार आहेत, तशी सही आहे कागदावर, माझे आणि आक्कांचे पैसे यांच्याच नावावर आहेत. मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, छान. आज मागितले तर मिळतील?

मी पेला उचलला. रिकामा होता. तरी प्यालो.

समोर पहिल्या रांगेत आक्का. हातांत टाळी तयार. माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, गेट सध्या बंद आहे. इतके हळू म्हणालो की माझे मलाही ऐकू आले नाही. बाईंनी लिहिणे थांबवून काय म्हणालात असे विचारले. मास्तरांनी कानामागे हात धरला. आणि आक्का, जी नेहमीच मोठ्याने बोलते, मागे वळून सगळ्यांना म्हणाली, गेट बंद आहे म्हणतोय. पैसे अडकलेत आमचे.

मग हात वर करून मते घेतली. नियंत्रण असावे याच्या बाजूने सगळे. माझाही हात वर होता असे ही म्हणते, ती मागे बसली होती. मला आठवत नाही.

कंडक्टर निघून गेला. मागच्या दाराने. तो आयुष्यभर लोकांना पुढच्या दाराने उतरवत आला, स्वतः मागच्याने गेला.

आक्काला घरी सोडायला मी गेलो. अर्ध्या रस्त्यात धीर करून विचारले, तुला ऐकू कसे आले? उजव्या बाजूने चालत होतो. ती म्हणाली, ऐकू नाही आले, बघितले. कारखान्यात सगळ्या मशिनी एकदम चालायच्या, त्यात कोणाचे काय ऐकू येणार? आम्ही बायका एकमेकींचे ओठ बघून बोलायचो. नवऱ्यांच्या तक्रारी, मुकादमाची टिंगल, सगळे. अजून जमते.

मी थांबलो. म्हणालो, म्हणजे त्या दिवशी, स्टुलावर?

ती म्हणाली, सगळे कळले. पान सतरासुद्धा. तसे अननस बघून निम्मे आधी कळले असते, पण तो नंतर आणलास.

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस?

ती म्हणाली, म्हटले बघू, उजव्या बाजूला कधी येतोस.

३१ मार्च

दोन दिवस जेवण गेले नाही. आज आक्का, ही आणि मास्तर (यांना कोणी बोलावले?) आमच्या घरी बसले. कंडक्टरही आला. मला शेठ म्हणाला नाही. नावानेही हाक मारली नाही. पण आला.

कंडक्टरचे पैसे आधी द्यायचे. माझ्या पेन्शनमधून, महिन्याला थोडे थोडे. त्याच्यासमोर ठरले. आक्का म्हणाली, माझे गेट उघडल्यावर. मी म्हणालो, आक्का, तुझे यंत्र? ती म्हणाली, यंत्र मिळेपर्यंत तू आहेस ना. वर्गात माझ्या शेजारी बसायचे. मुलींनी काही विचारले की मला दाखवून सांगायचे, ओठ नीट हलवून. पुटपुटायचे नाही.

जावईबापूंना खरे सांगायचे, ते मी आज फोनवर सांगितले. ते म्हणाले, मला अंदाज होता, बाबा, पण सासऱ्यांना विचारायचे कसे?

मग मास्तर म्हणाले, पण पुढे यांच्यावर लक्ष कोण ठेवणार? मी म्हणालो, माझा मी समर्थ आहे. चौघांनीही मान वर केली नाही. ही म्हणाली, हे रोज वहीत लिहितात. ती बघितली तर सगळे कळेल.

मी हिच्याकडे बघितले. ही भाजी निवडत होती.

ठरले असे. दर रविवारी ही वही आक्कासमोर मोठ्याने वाचायची. पाने गाळायची नाहीत. मी म्हणालो, वही खाजगी असते, ती उघडी केली तर माणूस मोकळेपणाने लिहिणार कसा? मास्तर म्हणाले, हा तुमचा तिसरा मुद्दा.

नियंत्रण असावे की नसावे, हा प्रश्न आमच्या घरापुरता निकालात निघाला आहे.

१ एप्रिल

शिवणवर्ग. सगळ्या मुली आणि मी. मशिनी सुरू झाल्यावर आक्काला काही कळेना आणि मला हाक मारून तिचे लक्ष वेधता येईना. शिट्टी काढली आणि वाजवली. सगळ्या मशिनी थांबल्या. आक्काने वळून बघितले. शिट्टी तिला ऐकू येते. एका मुलीने म्हटले, काका, पुन्हा वाजवू नका, सुई बोटात गेली असती. पण पद्धत बरी आहे. आता हळू वाजवतो.

दोऱ्याचा ताण सैल कसा करायचा हे मी आज आक्काला चार वेळा विचारले, चार मुलींसाठी. चौथ्यांदा तिने सांगायच्या आत मीच मुलीला सांगितले. बहुतेक बरोबर होते. हा विषय मला जमेल असे दिसते.

५ एप्रिल, रविवार

आज काही विशेष नाही.

आक्का स्वभावाने फार प्रेमळ आहे. तिची शिकवण्याची पद्धत उत्तम आहे. मास्तरही चांगले गृहस्थ आहेत. मनात कोणाविषयी काही नाही. पैशाचा विचार केला नाही. पोटात आग नाही.

वरचे सकाळी लिहिले. मग आक्काकडे गेलो. उजव्या बाजूला बसलो. वही वाचली, पहिल्या पानापासून. पोहण्याच्या पानाशी आल्यावर ती बराच वेळ हसत होती. मग डोळे पुसले. मी पुढे वाचू का विचारले, तर म्हणाली, थांब जरा. एकोणीस मार्चचे पान मी वाचले तेव्हा ती खिडकीकडे बघत होती, माझ्या ओठांकडे नाही. ते पान तिने त्या दिवशीच माझ्या ओठांवर वाचले होते.

निघताना म्हणाली, आजचे लिहिलेस ना? दाखव. बघितले आणि म्हणाली, पोटात आग नाही हे खोडायचे.

खोडले. आहे.

केळी नेली. साधी. दोन जास्त पिकलेली निघाली. तेही लिही, असे आक्का म्हणाली. लिहिले.